ड्रायव्हरसाहेबांच्या लायसनची मुदत

१२ जाने., सोम.
माझं शिकाऊ लायसन आलं. या वयात. ड्रायव्हरसाहेबांनी (यापुढे ड्रा. सा., लिहून हात दुखतो) फोटो बघून विचारलं, "मॅडम, ही बाई कुठनं पकडून आणली?" माझ्या मेडिकलमधली सगळी गिऱ्हाइकं मॅडम म्हणतात म्हणून नवराही लग्नापासून मॅडमच म्हणतो.
त्यांचं स्वतःचं हेवीचं, म्हणजे मोठ्या गाड्यांचं, लायसन महिनाअखेर संपतंय. नवीन आधी दाखवल्याशिवाय कंपनीच्या कामगारांची बस देणार नाही, असं ठेकेदारानं सांगितलंय, म्हणून सध्या घरीच. डोळे तपासल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याचा कोरा फॉर्म टीव्हीवर तसाच पडलाय.

१५ जाने., गुरु.
गुरुवार, इथल्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी, रस्ते मोकळे. दुपारी दुकान बंद असतं तेवढ्यात मुलाची जुनी गाडी घेऊन तळवड्याच्या बाजूला गेलो. पहिल्याच वळणावर बंद पडली. मग पुन्हा. "हळू सोड क्लच. गाडी हाय ती, दुकानाचं शटर न्हाई." मागून टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला, तर हे उतरून रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे. "बाई शिकतीय, दम धर भावा." काय ऐट. असा नवरा जगात नाही असं वाटलं. घरी येईपर्यंत टिकलं ते.

१७ जाने., शनि.
गर्दी होती. वरच्या फळीवरचा अडीचशे मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा डबा द्या म्हटलं, यांनी पाचशेचा दिला. मी वाचूनच देते म्हणून बरं. गिऱ्हाईक गेल्यावर दाखवलं तर म्हणे, "डबे सारखेच असत्यात." सारखे नसतात. एक निळा, एक हिरवा. आकडा तर बोटाएवढा.
त्यांना साखरेचा त्रास आहे. डोळे दाखवा म्हणून किती वेळा सांगितलं. बसमध्ये पहाटेच्या शिफ्टची पोरं मागे निर्धास्त झोपलेली असतात. रात्रभर तेच डोक्यात.

१९ जाने., सोम.
एक माणूस आला. महाळुंग्यात मेडिकल टाकतोय. कुणा फार्मसी झालेल्या मुलीचं लायसन भाड्यानं मिळेल का? मुलीनं यायची गरज नाही, नुसतं भिंतीला टांगायचं. मी तोंड उघडायच्या आत ड्रा. सा. स्टुलावरून उठले. "कागद भिंतीवर आन् मानूस घरी, असलं आमच्याकडं न्हाई चालत. ह्या बाईनं नवव्या महिन्यातबी दुकान सोडलं नव्हतं." तो चहासुद्धा न घेता गेला.
खरंच आहे ते. मी इथे नसेन तर औषध विकायचं नाही, म्हणजे माझं लायसन मला म्हणतं, बस इथेच. यांचं म्हणतं, निघ. इतकी वर्षं मी बसले, ते निघाले, संध्याकाळी एका ताटावर भेटलो. बरं चाललं होतं.

२१ जाने., बुध.
जेवताना हळूच म्हणाले, "दुकानाच्या वरचे डॉक्टर तुझा शब्द मोडत न्हाईत. दाखल्यावर सहीपुरतं सांग की. तपासत कुठं बसायचं."
मी म्हटलं, "परवा त्या माणसाला काय सांगितलंत?"
घास हातातच राहिला. "ते येगळं." मग, "बस गेली तर मी काय करू गं? तुझ्या दुकानात डबे देऊ? तेबी चुकीचे?"
वाढलेली भाजी तशीच...

२५ जाने., रवि.
चार दिवस अबोला. तरी सकाळचा माझा चहा बशीनं झाकून ठेवलेला असतो. मी पण गुपचूप पिते. भांडण भांडणाच्या जागी.
मुलाचा फोन. स्पीकरवर होता. त्याला विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरात लायसन म्हणजे काय रे. "आई, वस्तू आपली होत नाही. फक्त वापरायची परवानगी. मुदत संपली की बंद." ड्रा. सा. बाजूला कांदा चिरत होते. म्हणाले, "म्हंजी भाडेकरूच की." मुलगा हसला. हे नाही हसले. पण बोलले, म्हणजे अबोला मोडला. पोराला कळलंही नाही.

२९ जाने., गुरु.
पुन्हा तळवडे. मी चौथ्या गिअरपर्यंत गेले, गाडी बंद न पडता. यांनी शाबासकी दिली नाही, नुसतं सीटला टेकून बसले. हीच शाबासकी.
पुढे एक टेम्पो होता. अचानक म्हणाले, "त्याचा नंबर वाचू?" आणि वाचला. मोठ्यानं, शाळेतल्या मुलासारखा. "बरोबर?"
बरोबर म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. या माणसाला मी कधी रडताना पाहिलेलं नाही आणि बघायचंही नाही.
"नाही," म्हटलं. "शेवटचे दोन चुकले."
त्यांनी बाजूची काच खाली केली. मग म्हणाले, "गिअर टाक खाली. वळन हाय." वळण मला दिसलंच नव्हतं. त्यांना रस्ता पाठ आहे.
घराजवळ आल्यावर, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो. नीट तपासू दे. काय निघंल ते निघंल."
"मी पण येते."
"अकराला बोलावलंय. ऐन गिऱ्हाइकाचा टाइम. तुझं दुकान?"
"शटर खाली ओढेन."
माझ्याकडे बघितलं. "ह्या टायमाला कधी ओढलं न्हाईस."
"उद्या ओढते."
गाडी लावताना माझ्या हातावर हात ठेवून हँडब्रेक त्यांनीच ओढला.
दारावर चिकटवायला पाटी लिहून ठेवली. 'दुकान थोडा वेळ बंद आहे.' किती वेळ ते लिहिलं नाही.