खांदा होळीनंतर

२ डिसेंबर
पडले. बंदरावरच्या ओल्या उतारावर, डोक्यावर बोंबलांची पाटी असताना. पाटी उजव्या हाताने सावरली आणि खांद्याला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे काजवे. नवरा धावत आला. आधी पाटी उचलली, मग मला.

६ डिसेंबर
हात वर जात नाही. कंगवा कानापर्यंत पोचतो, पुढे नाही. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. अंगणात बोंबील वाळवायच्या वलांड्या उभ्या — जबड्यात जबडा अडकवून जोडी बांबूवर टाकायची, आणि बांबू माझ्या डोक्याच्या वर! डाव्या हाताने टाकते. निम्मे खाली. मांजर खूश.
रत्नाबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, ओट्यावरून म्हणाल्या, "पडली नि राणी झाली."

९ डिसेंबर
बोईसरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत, म्हणजे बाई शाबूत. खांद्याला हातसुद्धा लावला नाही. "फ्रोझन शोल्डर. या वयात होतं. हलवत राहा."
"अहो, मी पडले."
"पडल्यावरही होतं."
पुढचा पेशंट आत.

१० डिसेंबर
'हलवत राहा' ऐकलं आणि आमच्या नवापूरची निम्मी आळी डॉक्टर झाली. आमच्याकडे जाम खांद्याला एकच इलाज — वलांडीच्या बांबूला लोंबकळायचं. डाव्या हाताने उजवा उचलून बांबूवर ठेवला. सासूबाई देखरेखीला. "सोडू नको बाय. कळ आली का समजायचा, सुटतो हाय."
सुटलं काही नाही. आत करकरलं. संध्याकाळी भाकरी थापता आली नाही.

१९ डिसेंबर
लोंबकळणं चालू. बोंबील वाळले, मी नाही.

२७ डिसेंबर
भांडून पालघरला गेले. या डॉक्टरांनी माझा हात धरून वर नेला — गेला की! पार कानाला टेकला. "आता तुम्ही धरा," म्हणून सोडला. धपकन खाली.
म्हणाले, "जाम खांदा मी उचलला असता तरी वर गेला नसता. तुमचा जातो, टिकत नाही. हे जाम होणं नव्हे, आतला दोर तुटल्यासारखा वाटतोय. तो एक्स-रेत दिसत नाही. एमआरआय करा."
लोंबकळण्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुटलेल्या दोराला वर ताण देत होतात?"
मी नाही हो. अख्खं गाव देत होतं.

३० डिसेंबर
एमआरआय झाला. तुटलाच आहे. खांद्याचा गोळा जागेवर धरणारे चार स्नायू असतात, त्यातल्या वरच्याचा दोर हाडापासून सुटलाय. डॉक्टर म्हणाले, हळूहळू झिजलेला असता तर व्यायामावर भागलं असतं. हा पडून तुटलाय, लवकर शिवायला हवा. दुर्बिणीतून शिवतात. नंतर सहा आठवडे हात झोळीत, मग कित्येक महिने व्यायाम. उशीर केला तर स्नायू आकसतो, आणि मग शिवायला टोकच हाती लागत नाही.

२ जानेवारी
नवरा म्हणतो, "बोंबलांचा सीझन सरला का करू ना. होळीनंतर. हात काय पळून जातो?"
पळूनच जातो! तेच डॉक्टर सांगत होते, हा बाजूला बसून मोबाईल बघत होता. बोटीचं इंजिन बंद पडलं तेव्हा वाणगावचा मिस्त्री त्याच दुपारी आला. त्याला कोणी होळीनंतर ये म्हटलं नाही. इंजिनाचं नशीब मोठं. त्याला सून व्हावं लागत नाही.

५ जानेवारी
फोन करून ऑपरेशनचा दिवस घेतला. घरात विचारलं नाही, सांगितलं. नवरा आईकडे बघत बसला — ती आता हिला झापेल. सासूबाई बोंबील निवडत होत्या. मान वर केली नाही.

८ जानेवारी
दवाखान्यात भरती व्हायला पिशवी घेऊन बाहेर आले, तर रिक्षात सासूबाई आधीच बसलेल्या. ठेवणीतलं लुगडं. म्हटलं, सोबतीला कशाला, दगदग होईल.
"तुज्या सोबतीला कोन येतो? माजा दाखवायचा हाय. तुजा नवरा पाळन्यात होता तवापासून वर जात नाय."