मांजर आणि गुरुवारचा वायदा

४ नोव्हेंबर, सोमवार
आज मी मांजर चालवलं! खरं नव्हे, लॅपटॉपमधलं. नात शाळेत गेम बनवायला शिकतेय, तेच घरी येऊन मला शिकवते. म्हणाली, "आजी, तू माझी पहिली विद्यार्थिनी." मी चौथीत शाळा सोडलेली. म्हटलं, "बाई, छडी नाही ना मारणार?"
उजवं बटण दाबलं की मांजर उजवीकडे जायला हवं. गेलं. जातच राहिलं. पडद्याबाहेर गेलं ते गेलंच! "अगं आजी, कड आली की थांब, हे तू सांगितलंच नाहीस." आता हेही सांगायचं? एवढी अक्कल तर आमच्या धाकट्या भावजींनाही आहे.

५ नोव्हेंबर
लॅपटॉप मिटताना हळूच मिटला. शेपूट चेमटेल असं वाटलं! कुणाला सांगायचं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार
नातीला वाटतं, आजीला हौस. हौस आहेच. पण खरं कारण इथे लिहिते. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे – पन्नास वर्षं! गिऱ्हाईक कुणीही असो, उत्तर एकच, "गुरुवारी या." माझं स्वतःचं घड्याळ असेच सात गुरुवार पडून होतं. मग हात थरथरायला लागले. दुकान बंद केलं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहायच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक कपाटात कोंबलं. तेव्हापासून खुर्ची आणि समोरची भिंत. बोलणं म्हणजे "हं" नाहीतर "नको". वर्ष होत आलं. असं बंद पडलेलं माणूस बघवत नाही मला. हा गेम यांच्यासाठी.

९ नोव्हेंबर, शनिवार
मांजराने पकडायला उंदीर टाकले. वरून खाली पडायचे, तर मेले खालून वर उडायला लागले! एक उणे चिन्ह जास्त पडलं म्हणे. नात हसून हसून लोळली.
संध्याकाळी यांच्यापुढे नेऊन ठेवला. "खेळून बघा ना."
"नको."
"एकदाच हो."
"या वयात मांजरामागे? खूळ लागलंय तुला."
सहा शब्द! वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण. पण खेळले नाहीतच.

१० नोव्हेंबर
मला डोळे पुसताना नातीने पाहिलं. म्हणाली, "गेम चालला नाही की रडायचं नसतं, आजी. परत करून बघायचं." दहा वर्षांची आहे हो! मग तिने वर एक चौकट बसवली – 'सगळ्यात जास्त उंदीर'. माझे चौदा. तिचे एकोणीस, आणि त्याचा तोरा केवढा!

१२ नोव्हेंबर, मंगळवार
लॅपटॉप मुद्दाम टेबलावर उघडा ठेवून बाजारात गेले. परत येऊन बघते तर चौकटीत – एकसष्ट! नात शाळेत. हे खुर्चीत डोळे मिटून. घोरण्याचं सोंग मला काय नवीन आहे?
लॅपटॉपखाली दुकानातली चिठ्ठी. अक्षर वाकडंतिकडं, पण यांचंच:
"वस्तू – मांजर. तक्रार – डावीकडे वळायला उशीर लावतं. केव्हा मिळेल?"
मी खाली लिहिलं – गुरुवारी या.