क्राउदर म्हणजे फिडल वाजवणारे

प्रिय नायजेल,

फोनवर बोलले असते, पण तू मला बोलू देशील तर ना! फोन उचलला की तुझं आडनावपुराण सुरू. क्राउदर म्हणजे फिडल वाजवणारे, सातशे वर्षांपूर्वी यॉर्कशरच्या जत्रांतून वाजवत फिरायचे, म्हणून आपल्या घराण्याच्या रक्तातच सूर आहे, हे मी आता झोपेतही म्हणून दाखवीन. अरे, कसलं घराणं आणि कसले सूर! तुझे बाबा चर्चमध्ये गायला लागले की पुढच्या बाकावरची मिसेस बूथ मागे वळून बघायची. गावातल्या बँडवाल्यांनी एकदा त्यांना ढोल दिला, तो दुसऱ्याच दिवशी परत घेतला. आणि तू नऊ वर्षांचा असताना कॉर्नेट, ते छोटं ट्रम्पेट, तोंडाला लावलंस, तर अख्खी गल्ली ऐकायला खिडकीत आली. बाबांना कोण आनंद! टाळ्या वाजवत होते, त्याही बेताल. मी आत जाऊन बटाटे सोलत बसले.

गेल्या नाताळात जेवताना तू एकेका आडनावाची फोड करून सांगत होतास. बूथ म्हणजे गुराख्याची झोपडी, लिस्टर म्हणजे रंगारी. मग म्हणालास, होलरॉइड म्हणजे खोलगट जागेतली झाडं तोडून मोकळं केलेलं रान. मला ठसका लागला. तू पाठ चोळत म्हणालास, आई, सावकाश गिळ, टर्की काही पळून जात नाही. टर्कीचा दोष नव्हता रे. डेस्मंड होलरॉइड पलीकडच्या खोऱ्यातल्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. व्हिट फ्रायडेच्या सणाला गावोगावचे बँड आमच्या रस्त्यावरून वाजवत गेले, त्यात तो होता. मी तेवीस वर्षांची, तुझ्या बाबांशी लग्न ठरलेलं, आणि अक्कल मात्र कवडीची नाही. महिन्याभरात तो कॅनडाला निघून गेला. त्याला कधीच काही कळलं नाही.

गालातून कापूस फिरवलेलं ते डीएनएचं पाकीट तू माझ्याच हातात दिलंस, कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाक म्हणून. सात दिवस ते ब्रेडच्या डब्यामागे पडून होतं. फाडायला घेतलं, हात धजेना. मग तू फोनवर विचारलंस, टाकलंस ना गं? मी हो म्हटलं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून घरातल्या सपातांवरच जाऊन टाकून आले. एवढं मोठं खोटं आयुष्यभर पचवलेली बाई मी, आणि हे एवढंसं पचेना! म्हातारपणी बुद्धी नाठी होते ती अशी. दुसऱ्या दिवशी पोस्टमनला ते परत मिळेल का विचारलं, तर तो हसून म्हणाला, आजी, एकदा पेटीत गेलं की ते राजाच्या टपालखात्याचं झालं.

शनिवारी सगळ्या क्राउदरांच्या मेळाव्यात तू अध्यक्ष म्हणून स्टेजवर उभा राहणार, निकाल उघडणार, आणि पहिला तुझाच. नायजेल, तुझं रक्त त्यातल्या एकाशीही जुळणार नाही. तू डेस्मंडचा आहेस. हे चारचौघांत कळू नये म्हणून लिहिलं. तुझ्या बाबांना मी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. तुझा जन्म नोंदवायला ते स्वतः गेले, घरी येऊन दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाले, पोराला माझं नाव लावलंय, आता ते काढायला कुणाचा बाप येतो तेच बघतो. ते होते तोवर कुणी आलं नाही. आता येतंय, आणि मला अडवता येत नाही.

तुझीच,
आई