हातातलं संपवून येतो

प्रिय ताईस,
धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे आणि वेळेवर जेवतो, हे आईलाही कळव.

नोकरीत मला कायम करायचं की नाही, हे या महिन्यात ठरेल. मी प्रत्येकाच्या हाकेला धावायचो आणि संध्याकाळी सगळीच कामं अर्धवट राहायची. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अरे, माणूस आहेस की भिंगरी? 'हातातलं संपवून येतो' असं म्हणून तर बघ!"

आज थेट साहेबांनाच तसं म्हणालो. साहेब नुसतं "बरं" म्हणाले. मनातून रागावले असतील का गं? पण हातातलं काम मात्र पहिल्यांदाच पूर्ण झालं.

तूही गॅसवरचं तसंच टाकून सगळ्यांच्या हाकेला धावतेस. एकदा असं म्हणून बघ. दाजी काय म्हणतात, ते जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा धाकटा