आत्मिक विकास, सत्र चौथं

३ तारीख, सोमवार
संस्थेला अखेर माझी किंमत कळली! वस्तीतल्या गरीब पालकांना, मग धर्म कुठलाही असो, मुलांचं मन कसं घडवायचं ते मी शिकवणार. सहा सत्रं, चाळीस स्लाइड्स. या लोकांना पोटापलीकडे काही सुचत नाही.
आईची शाल खालच्या लाँड्रीत टाकली. धुऊन कुणाला तरी देऊन टाकू. दीड महिना झाला तिला जाऊन.
निश्चय: रोज पहाटे ध्यान. उद्यापासून.

८, शनिवार
सत्र पहिलं: 'मुलांचं ऐका'. सलग दोन तास बोललो, कुणाला तोंड उघडू दिलं नाही. तरी लाँड्रीवाल्या बाईंनी मध्येच विचारलंच, मेलेलं माणूस कुठे जातं असं पोरांनी विचारलं तर काय सांगायचं? ते चौथ्या सत्रात, म्हटलं. क्रम म्हणून काही असतो!
ध्यान राहिलं. गजर वाजला नाही. (लावला नव्हता.)

११, मंगळवार
लेकीचंही तेच. आजी कुठे गेली? स्लाइड सतरावर होतो, म्हटलं नंतर बघू. बायको म्हणाली, आत्ताच सांग. हिला डेडलाइन कळत नाही.

१५, शनिवार
सत्र दुसरं. सकाळी दहाला फक्त तिघं. म्हणे कामावर असतो. बहाणे! मला वीस मिनिटं उशीर झाला, पण तो ट्रॅफिकमुळे.
शाल अजून आली नाही. लेकीला आणायला पाठवलं तर तासाने हात हलवत परत. ती आणि लाँड्रीवाल्या बाई, दोघीही कामचुकार.

२२, शनिवार
सत्र तिसरं. एकट्या लाँड्रीवाल्या बाई, त्याही पेंगत होत्या. पहाटे पाचपासून इस्त्री करतात म्हणे. पालथ्या घड्यावर पाणी!
संस्थेला मुलांनी भरलेले फॉर्म हवेत. नमुना लेकीकडून भरून घेतो. घरचं उदाहरण खात्रीचं.

२४, सोमवार
फॉर्म वाचला.
मनातलं कुणाला सांगतेस? 'लाँड्रीतल्या मावशींना.'
त्या काय सांगतात? 'आजी कुठे गेली ते त्यांनाही माहीत नाही. पण त्यांनी आजीची शाल धुतली नाही. तिला अजून आजीचा वास येतो. आम्ही ती पांघरून बसतो. बाबांचं ते सत्र अजून यायचंय.'
फॉर्म पाठवला नाही.

२९, शनिवार
सत्र चौथं. कुणीही नाही. प्रोजेक्टर गुंडाळून थेट लाँड्रीत गेलो, जाब विचारायला. मावशींनी स्टूल पुढे केलं. लेकीने शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं. आईच्या डोक्याच्या तेलाचा वास. हमसून हमसून रडलो.
अहवाल भरला. उपस्थिती: तीन. मार्गदर्शक म्हणून माझं नाव लिहिलं. मग खोडलं.