मास्टरचा सा

२ जानेवारी, गुरुवार

तारीख पक्की! सोळा फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी साडेसहा, चिंचवडचं नाट्यगृह. 'चौफुंक'ला दहा वर्षं. चार माणसं, चारही फुंकायची वाद्यं. ढोल नाही, ताशा नाही, स्पीकरची भिंत नाही — आणि तरी नाट्यगृह भरणार. भरणारच! निदान डायरीत तरी उगाच नम्रपणा कशाला?

गणराज बारा मिनिटं उशिरा आला. भोसरीत ट्रॅफिक होती म्हणे. भोसरीत कधी नसते? दुसरी क्लॅरिनेट वाजवणाऱ्यानं पहिलीच्या, म्हणजे माझ्या, आधी येऊन बसावं, एवढं साधं आहे. तोंड पाडून बसला, पण वाजवलं झकास.

विजयश्रीनं बासरीवर आज अशी काही जागा घेतली की मीच पुढचं विसरले. तिला सांगितलं नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढून बसेल.

५ जानेवारी, रविवार

ज्योतीरामकाकांचा सॅक्सोफोन आज परत उतरला. एका तालमीत तीनदा! दिवाळीत पुढचे दात काढून कवळी बसवली, तेव्हापासून हेच चाललंय. सुरुवातीला बरोबर लागतात, दहा मिनिटांत सूर खाली. मी हात वर केला, सगळे थांबले, परत सा दिला. लागले. परत उतरले.

"काका, काय होतंय?"

"ओठ थकायलाय, मास्टर."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस मला मास्टर म्हणतो. मी त्यांच्या पोरीच्या वयाची. ऐकायला बरं वाटतं — वाटतं म्हणजे वाटतं!

गणराज हळूच म्हणाला, "फोनवर अॅप आहे, सूर बरोबर की चूक लगेच दाखवतं." मी म्हटलं, फोन बाहेर ठेव. अब्बांच्या बँडची रीत आहे ती आमची रीत. मास्टर एक लांब सा देणार आणि बाकीचे त्याला मिळवणार. भर रस्त्यात वरात चालू असताना कोण चर्चा करत बसतो? मास्टरचा सा हाच सा. दहा वर्षं ह्याच्यावर चाललंय आणि लोक म्हणतात, चार जण वाजवतायत असं वाटतच नाही, एकच वाद्य वाटतं. मग?

९ जानेवारी, गुरुवार

कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी 'चौफुंक'चा इतिहास लिहायला बसले. छापायला द्यायचा तो सोज्वळ. खरा इथे.

अब्बांचा बँड काळेवाडीतला. चौदा माणसं, लाल कोट, सोनेरी झालरी. बरकत मास्टर म्हटलं की थेट राजगुरुनगरपर्यंत लग्नाच्या तारखा बँड बघून ठरायच्या. मग डीजे आला. एकेक माणूस गेला — कुणी चाकणला कंपनीत, कुणी रिक्षावर. शेवटी राहिले अब्बा आणि ज्योतीरामकाका. काका दिवसा कंपनीत लेथवर, सुट्टीला सॅक्सोफोन. मग अब्बांचं हार्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता फुंकायचं नाही. अब्बांनी क्लॅरिनेट माझ्या हातात दिली. मी चोवीस वर्षांची. अम्मी चार दिवस बोलली नाही.

कल्पना माझी. रस्त्यावर नाही वाजवायचं. बसून वाजवायचं, लोकांनीही बसून ऐकायचं. काका म्हणाले, "चल, मी हाय." विजयश्री आणि गणराज त्यांनीच शोधून आणले. पहिला कार्यक्रम पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत. वॉचमन म्हणाला, "वरात मागच्या गेटनं!" हॉलमध्ये बसलो तर माझे हात थरथरत होते, पहिला सा निघेचना. काकांनी शेजारून नुसती मान हलवली. निघाला.

मग वाढत गेलं. कंपन्यांचे वर्धापनदिन, शाळा, पुण्यात दोन महोत्सव, एकदा बडोदा. चाकणच्या एका कंपनीत तर शिफ्ट सुटायच्या वेळी कँटीनमध्ये वाजवलं. मधेच हूटर झाला, गणराजनं तोच सूर पकडून पुढे नेला आणि हेल्मेट घातलेली तीनशे माणसं टेबलं बडवायला लागली! एक साउंडवाला एकदा म्हणाला होता, "तुमचा सूर जरा चढा लागतो." मी म्हटलं, तू तुझ्या वायरी बघ.

१२ जानेवारी, रविवार

ठरवलं. काकांच्या जागी दुसरा माणूस घ्यायचा.

नवीन रचना अवघड आहे, शिवाय ह्या वेळी प्राधिकरणातल्या इंदुताई पियानोवर असणार. पियानोसोबत आम्ही आजवर कधीच वाजवलेलं नाही. उतरलेला सॅक्सोफोन लपणार नाही. चौफुंकचं नाव दहा वर्षांनी कुणाच्या तरी कवळीपायी घालवायचं? नाही.

विजयश्री म्हणाली, "अगं, दहा वर्षं झाली, थोडं सांभाळून घेऊ." मी म्हटलं, सांभाळणं घरी. स्टेजवर सूर.

वाईट वाटतंय. पण बरोबर आहे ते बरोबर आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रहाटणीला काकांकडे गेले. दुर्गाकाकूंनी तिळगूळ दिला, "गोड बोल गं बाई" म्हणाल्या आणि मी पाच मिनिटांनी त्यांच्या नवऱ्याला सांगितलं की सोळा तारखेला तुम्ही नाही. काय पण मुहूर्त साधला मी!

काका म्हणाले, "बरं. तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, सगळ्यात आधी तुमचं नाव घेऊ. ते म्हणाले, "सत्काराचं राहू दे. नवीन माणूस कोण हाय?"

"दिग्विजय. कॉलेजात शिकलेला आहे, चांगला वाजवतो."

"मशीनवर सूर लावतो का त्यो?"

"लावत असेल. माझ्याकडे नाही चालणार."

काका हसले. "लावू दे की जरा. बघ काय म्हणतंय मशीन."

जाता जाता सल्ला! दुर्गाकाकू आतून आल्या, चहाचा कप माझ्यासमोर आपटलाच म्हणायचा. "सोळा तारखेसाठी कोट शिवायला टाकलाय यांनी," म्हणाल्या. "उद्या मिळायलाय." चहा तसाच ठेवून उठले.

१५ जानेवारी, बुधवार

आज काही लिहायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार

दिग्विजयची पहिली तालीम. पोरगं हुशार आहे, वाचून झरझर वाजवतं. पण एक खोड — प्रत्येक पानानंतर फोनकडे बघणार!

"मॅडम, तुम्ही खूप चढ्या आहात. तिघंही."

"तिघं एकसारखे आहोत ना? मग तू उतरलायस."

"मॅडम, सूर चढावा म्हणून मी माउथपीस पूर्ण आत ढकललाय. तरी पोचत नाही. ओठ आवळून वर ओढावं लागतं. दुखायला लागलं."

"सवय होईल," मी म्हटलं. "काका दहा वर्षं वाजवत होते ना इथे?"

तो म्हणाला, "कसे काय वाजवत होते, मॅडम?" म्हटलं, सरावानं. आणखी कसे!

२६ जानेवारी, रविवार

चाकणला कंपनीत झेंडावंदन आणि आमचं अर्ध्या तासाचं वादन. साहेबांच्या बायकोनं पुढच्या वर्षीचीही तारीख लगेच मागितली. पण आपल्यालाच कळतं ना. चार वाद्यं आज चारच वाटली. दिग्विजय शेवटच्या दहा मिनिटांत उतरला. काका उतरायचे तसाच. तेवढाच.

ह्याला तर बत्तीस दात आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

इंदुताईंकडे पियानोसोबत पहिली तालीम. काय तो प्रकार! पहिल्या सुरालाच अंगावर काटा आला. चांगला काटा नाही. दाताखाली खडा आल्यासारखं.

मी लगेच म्हटलं, "इंदुताई, पियानो उतरलाय."

इंदुताई सत्तरीच्या, चष्म्यावरून बघतात. "परवाच लावून घेतलाय, बाळ."

"लावणाऱ्यानं घाई केली असेल."

"तो पस्तीस वर्षं माझाच पियानो लावतोय."

मी मोजूनच दाखवलं. मी, गणराज, विजयश्री — आम्ही तिघं एका सुरात. पियानो आणि दिग्विजय एका सुरात. तीन विरुद्ध दोन! इंदुताई म्हणाल्या, "हे मतदान नाही गं." दिग्विजयला हसू आलं, त्यानं खोकल्यावर नेलं. मी क्लॅरिनेट पेटीत भरली आणि निघाले. पियानो परत लावून घ्या, मग बोलवा, असं सांगून आले. सत्तर वर्षांच्या बाईंना!

३ फेब्रुवारी, सोमवार

अब्बांना सकाळी सगळं तावातावानं सांगितलं. ते पाव चहात बुडवत ऐकत होते. म्हणाले, "पियानो कशाला उतरेल, बेटा? तुझी क्लॅरिनेट चढी आहे."

"चढी? कशानं?"

"मीच घासलीय ना ती! समोर पिंपरीचा बँड असायचा, त्यांच्याकडे नवी कोरी वाद्यं. आपला आवाज दबायचा. जरा चढं वाजलं की गर्दीतून वर निघतं. म्हणून बॅरल घासून घासून चार मिलीमीटर छोटा केला." बॅरल म्हणजे माउथपीसच्या खालचा लाकडी तुकडा. "अख्खा बँड माझ्या सुरावर यायचा, काय फरक पडत होता? तुला माहीत असेल असं वाटलं मला."

माहीत असेल! अकरा वर्षं ती क्लॅरिनेट रोज पुसते मी. रोज. त्या बॅरलची कड किंचित तिरपी आहे, त्यावरून अंगठा फिरवायची मला सवय आहे. मला वाटायचं जुनं लाकूड आहे, झिजलं असेल.

अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता त्या बाईंची माफी माग." मागितली. फोनवरच. इंदुताई म्हणाल्या, "ये गुरुवारी. पोहे करते."

ठीक आहे. चूक सापडली म्हणजे दुरुस्त होते. बॅरल चार मिलीमीटर बाहेर ओढायचा, संपला विषय. चौफुंक चौफुंकच आहे!

पण मग काका उतरत नव्हते. काका बरोबर होते. हे लिहिलं आणि पेन खाली ठेवावं लागलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बॅरल ओढून सा दिला. पियानोशी चपखल! दिग्विजयही चपखल, फोन खिशात घालून चक्क हसला. आणि गणराज आणि विजयश्री — दोघंही चढे!

आता ह्यांचं काय? ह्यांची वाद्यं काही अब्बांनी घासली नव्हती.

गणराजचा बॅरल काढून मोजला. छोटा. माझ्याएवढाच. "हा कुठून आणलास?"

"ज्योतीरामकाकांनी दिला होता. पहिल्याच वर्षी. म्हणाले, हा लाव, आवाज खुलतो."

विजयश्री बासऱ्यांच्या पिशवीकडे बघत बसली होती. म्हणाली, "माझ्या बासऱ्या बनवणारा माणूस काकांच्याच ओळखीचा. माप काकाच सांगून आले होते. मी फक्त घ्यायला गेले."

इंदुताईंनी पोह्यांच्या बश्या आणल्या त्या तशाच राहिल्या.

काकांना माहीत होतं. पहिल्या तालमीपासून. मला कळू न देता एकेकाचं वाद्य माझ्या चुकीच्या सुराला जुळवून दिलं. सॅक्सोफोनला मात्र बॅरल नसतो, तो काही छोटा करता येत नव्हता. त्याचा सूर ते ओठानं वर ओढत राहिले. दहा वर्षं. दात जाईपर्यंत. आणि मी त्यांना उतरलेले म्हणून काढलं, संक्रांतीच्या दिवशी, त्यांचाच तिळगूळ तोंडात असताना.

रडले. इंदुताईंच्या पियानोवर डोकं ठेवून, सगळ्यांसमोर. दिग्विजयनंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, त्यांना बोलवा. मी मागच्या रांगेत बसून ऐकेन, मला चालेल."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रहाटणीला जाऊन आले. काकांच्या पाया पडले. सोळा तारखेला येतो म्हणाले, कोट तयारच आहे म्हणाले. दुर्गाकाकू अजून बोलत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं.

मी विचारलं, "काका, तेव्हा सांगितलं का नाही?"

"तवा तुझे हात थरथरायचे, लेकरा. चुकायलीस म्हणलो असतो तर परत हातात धरली नसतीस."

"आणि नंतर?"

काका कवळी सावरत हसले. "नंतर तू ऐकणार होतीस व्हय?"