सतरा नंबरची काच

३ जानेवारी, मंगळवार
आजपासून दर मंगळवारी युनिव्हर्सिटीच्या मेंदूच्या लॅबमध्ये जायचं. तिथली प्रोफेसर शाळेत माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे नाही म्हणायची तिची टाप नव्हती. निमित्त: विद्यार्थ्यांचं इंग्रजी सुधारणं. खरं कारण: ऑपरेशनमध्ये काढलेला लेकीच्या मेंदूचा तुकडा यांच्याकडे आहे. लेक जाऊन चौदा महिने झाले. तो तुकडा तरी नीट ठेवलाय का, हे आईनं बघायला नको? रडायचं नाही, हे ठरलंय.

१० जानेवारी
एपिलेप्सीवर संशोधन म्हणे. लेकीला तसलं काही नव्हतं. चक्कर यायची, जागरणं आणि हट्टीपणामुळे. डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीला मोठं नाव लागतं.
पेशींची मोजणी करणारी चष्मेवाली मुलगी मला आजी म्हणाली. मॅडम म्हण, असं बजावलं. मग तिनं समजावलं: अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे ताऱ्यासारख्या पेशी, बाकीच्या पेशींना खाऊपिऊ घालतात, पसारा आवरतात. म्हणजे आईच की, म्हटलं. हो, पण दुखण्यात त्याच फुगतात नि गोंधळ वाढवतात, म्हणाली. आगाऊ कार्टी.

१७ जानेवारी
मेंदूचे पातळ काप काचांवर लावलेले, काचांवर नुसते नंबर. कुठली कुणाची ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर माणसाला हवं तेच दिसतं म्हणे. मला लेक ओळखायला नंबर लागत नाही.
मायक्रोस्कोपमधून बघितलं. नऊ नंबर: फुगलेल्या, विस्कटलेल्या पेशी, पाय ठेवायला जागा नाही. कुणाच्या घरचं वळण हे, असं मोठ्यानं म्हटलंही. सतरा नंबर: प्रत्येक तारा आपापल्या जागी, शांत. बघताक्षणी ओळखली. माझी लेक.

३१ जानेवारी
सतरा नंबरच्या काचेच्या कडेला काळ्या मार्करनं लेकीचं नाव लिहिलं. कर्सिव्हमध्ये. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी माझ्या याच अक्षराला बक्षीस दिलं होतं. बेवारस का राहावं तिनं?

७ फेब्रुवारी
गहजब. चष्मेवाली रडवेली. आता मोजणाऱ्याला नाव दिसलं, ही काच बाद. प्रोफेसर एवढंच म्हणाली, बाई, निदान मला विचारायचंत. आधी नीट सांगायला नको, मी म्हटलं. सांगितलं होतं. पण नीट नाही.
अक्षराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
म्हणजे लेक संशोधनातून गेली. तेवढं एकच उरलं होतं तिचं.

२८ फेब्रुवारी
मोजणी संपली, कुठला नंबर कुणाचा ती यादी उघडली. प्रोफेसरनं बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच कळायला हवं होतं. सतरा नंबर दुसऱ्याच कुणाची, आयुष्यात एकही झटका न आलेल्या माणसाची. बाई, तुमची मुलगी नऊ नंबर. मोजणीत आहे ती.
यादी तपास म्हटलं. तिनं माझ्यासमोर दोनदा तपासली.
चष्मेवालीनं न विचारता नऊ नंबर लावून दिली. बघत बसले. लेक म्हणायची, आई, डोक्यात फार गर्दी होते गं. मी म्हणायचे, नाटकं पुरेत, ताठ बस.
पाच वाजता चष्मेवाली म्हणाली, आजी, दिवा बंद करू का? थोडा वेळ राहू दे, म्हटलं. आजी म्हणाली होती. मी सुधारलं नाही.